औरंगाबादच्या वर्तमानपत्रांची यादी करताना

जुन्या वर्तमानपत्राची बांधीव फाइल हातात आली की मी पहिलं पान उघडत नाही. शेवटचं उघडतो आणि तळापासून वाचायला लागतो. तिथं, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि जिनिंग प्रेसच्या जाहिरातीच्या खाली, डोळे बारीक करून वाचावी लागते अशी एक ओळ असते : ‘हे पत्र मालक, मुद्रक व प्रकाशक अमुक यांनी अमुक प्रिंटिंग प्रेस, गुलमंडी, औरंगाबाद येथे छापून तेथेच प्रसिद्ध केले.’ पेपरच्या धंद्यातली माणसं हिला प्रिंटलाइन म्हणतात. छत्रपती संभाजीनगरातून, म्हणजे कालपरवाच्या औरंगाबादेतून, आजवर कोणकोणती वर्तमानपत्रं निघाली याची यादी मी करतो आहे. त्या यादीतल्या बहुतेक नोंदी मला या एका ओळीनं दिल्या.

सुरुवात एका वाचनालयाच्या स्मरणिकेतून झाली. ‘शहरातील वृत्तपत्रे’ या विषयावर लेख द्या, असा निरोप आला. वाचायला घेतलं तर जिकडेतिकडे तीच गोष्ट. १९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं, तेही पुण्यातून, कारण निजामाच्या मुलखात ते निघू दिलं नसतं. बंदी आली की नाव बदलायचं आणि पुढचा अंक काढायचा. १९४८ च्या पोलीस अॅक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजा निजामाच्या राज्यात आल्यानंतर, पत्र औरंगाबादेत आलं, अनंत भालेराव संपादक झाले, त्यांचा अग्रलेख गावोगाव वाचला जाऊ लागला. मग १९८२ साली ‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती आली आणि सगळं बदललं.

ही गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. अनंत भालेरावांसारखा, वैजापूर तालुक्यातल्या खंडाळ्यात १९१९ साली जन्मलेला, हैदराबादच्या मुक्तिसंग्रामात उतरलेला माणूस आयुष्यभर एका जिल्ह्याच्या गावी बसून पत्र चालवतो आणि त्याच्या शब्दाची मुंबईत दखल घेतली जाते, हे मराठवाड्यानं विसरू नये. पण माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत जे दोन पानी पेपर यायचे, दुपारी केशकर्तनालयात जे हातोहात फिरायचे, कोर्टाच्या आवारात ज्यांच्या चार-सहा प्रती विकल्या जायच्या, ते या गोष्टीत कुठंच नव्हते. संपादकांचा इतिहास सापडत होता, वर्तमानपत्रांचा सापडत नव्हता. लेख देऊन टाकला. यादी मात्र तेव्हापासून चालू आहे.

आधी शोध घ्यायचा तो फाइलींचा. वाचनालयांत मोठ्या दैनिकांच्या फाइली असतात, त्याही तुटक. सहा महिने आहेत, पुढचं वर्ष नाही. छोट्या पत्रांचं ठिकाण म्हणजे मालकाचं घर, आणि तिथं बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं : ‘प्रेस विकला तेव्हा रद्दीत गेलं.’ एका नामांकित संस्थेनं तर इमारत रंगवायची म्हणून गठ्ठेच्या गठ्ठे किलोवर दिले. मी पोहोचलो तेव्हा कपाटांत रंगाचे डबे ठेवलेले होते. त्या दिवशी मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. कागद जुना झाला म्हणजे त्याचा उपयोग संपला असं ज्यांना वाटतं, त्यांच्या ताब्यात आपण आपल्या शहराची आठवण देऊन ठेवली आहे.

खरा साठा भलतीकडेच निघाला. वकिलांच्या कचेरीत. जमिनीच्या खरेदीआधी जाहीर प्रगटन द्यायचं, हरकत असेल तर इतक्या दिवसांत कळवा म्हणायचं, आणि तो अंक पुरावा म्हणून पक्षकाराच्या बस्त्यात बांधून ठेवायचा. पक्षकार गेले, दावे निकाली निघाले, बस्ते तसेच राहिले. पैठण गेटजवळच्या एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी मला त्यांच्या वडिलांच्या वेळचे बस्ते सोडून दाखवले. ज्या पत्राचं नाव मी कुठंही ऐकलं नव्हतं अशा पत्रांचे सुटे अंक त्यांतून निघाले. दुसरा साठा घराघरांत. ज्या अंकात आजोबांच्या निधनाची बातमी आणि फोटो छापून आला तो अंक कुटुंब टाकत नाही, दागिन्यांच्या डब्याखाली ठेवतं. तिसरा, स्वातंत्र्यसैनिकांच्या घरी.

अंक सापडला की तो उघडायचा कसा, हेही शिकावंच लागतं. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन हवा आणि उजेड लागला की कागद पिवळा पाडतं, आम्ल तयार होतं, तंतू तुटतात. म्हणून १९६० चा अंक पापडासारखा मोडतो आणि त्याहून जुनं, चिंध्यांच्या कागदावरचं सरकारी जरीदा, म्हणजे निजामाचं गॅझेट, अजून मऊ असतं. आधी घडीवर तुटतं. अंक चौघडी करून ठेवलेला असेल तर मधोमध जिथं दोन घड्या एकमेकींना छेदतात तिथं भोक पडतं, आणि नेमकी तिथलीच बातमी आपल्याला हवी असते. कसर कागद वरून खरवडून खाते, त्यामुळे अक्षरं पुसल्यासारखी फिकी होतात. वाळवी आरपार जाते, पंचवीस अंकांना एकाच जागी बोगदा पाडते. मी मऊ ब्रशनं शिवणीकडून बाहेर धूळ झाडतो, पान उलटताना खाली पुठ्ठा सरकवतो. फाटलं असेल तर चिकटपट्टी कधीही लावायची नाही. पाचदहा वर्षांत तिचा चिक तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो आणि मग तो निघत नाही. दुरुस्तीसाठी पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, हे ज्यांना जमतं त्यांच्याकडूनच करून घ्यावं. आपण फक्त फोटो काढावेत, फ्लॅश न लावता, खिडकीच्या उजेडात.

खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, छापलेला अंक ओळखायला डोळे लागतात त्याहून जास्त बोटं लागतात. पान पालथं करून हलकेच हात फिरवला की अक्षरांचा उठाव लागतो. ऑफसेटचं पान दोन्हीकडून सपाट. कुठल्या महिन्यात पत्रानं मशीन बदललं हे मी कितीतरी वेळा असं बोटांनीच ठरवलं आहे, कारण त्याची बातमी पत्र देतंच असं नाही.

१९४८ च्या आधीचे कागद वाचायला तर वेगळेच धडे गिरवावे लागले. निजामाच्या राज्याची भाषा उर्दू. सभा घ्यायला परवानगी, त्यासाठी गश्ती, म्हणजे सरकारी हुकूम, नंबर ५३. पत्र काढायलाही परवानगी. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद हा पाच जिल्ह्यांचा मराठी मुलूख, पण त्याला वाचायला मिळायची ती मराठी पत्रं हैदराबादहून निघणारी, जसं लक्ष्मणराव फाटकांचं ‘निजाम विजय’, नाहीतर हद्दीबाहेरची. बाहेरचं पत्र यायचं ते मनमाडवरून. तिथं मोठी गाडी सोडायची आणि १९०० साली सुरू झालेल्या मीटरगेजच्या गाडीत बसायचं. वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. बंदी घातलेला अंक या नाक्यावरून आत कसा आणायचा याच्या हकिकती जुन्या घरांतून अजून ऐकायला मिळतात, आणि प्रत्येक घरची हकिकत वेगळी.

त्या काळच्या कागदावर तारीख असते निजामाच्या राज्यात चालणाऱ्या फसली सनाची. आजूर, दे, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबेहेश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान असे महिने. वर्ष सुरू व्हायचं ऑक्टोबरच्या सुरुवातीला. त्यामुळे इसवी सन काढायचा हिशेब असा : वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत ५९० मिळवायचे, पुढं ५९१. खुर्दाद १३५२ फसली म्हणजे एप्रिल १९४३ च्या सुमाराचा कागद. किंमत छापलेली असते हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात, आणि सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. हे पाठ झालं नाही तोवर मी प्रत्येक नोंदीला अडखळत होतो. आता महिना वाचला की ऋतू डोळ्यांपुढं येतो. आबान १३५७ वाचलं की लगेच कळतं, हा सप्टेंबर १९४८, फौजा आत आल्या तो महिना. त्याच्या आदल्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला होता. हैदराबाद भारतात विलीन व्हावं असं ते उर्दूतून लिहीत होते. मराठी पत्रांचा इतिहास सांगताना आपण त्यांचं नाव घेत नाही. ते घ्यायला हवं.

उर्दूच्या बाबतीत आपलं दुर्लक्ष मोठं आहे. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचं काम याच शहरातून चालवलं आणि १९२१ मध्ये ‘उर्दू’ हे त्रैमासिक इथूनच काढलं. सगळ्या हिंदुस्थानात वाचलं जाणारं नियतकालिक औरंगाबादच्या पत्त्यावरून जात होतं, आणि शहरातल्या नियतकालिकांच्या मराठी याद्यांत त्याचा उल्लेख नसतो. मला उर्दू वाचता येत नाही. शहागंजात राहणारे, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सर दर शुक्रवारी नमाजानंतर माझ्याबरोबर बसतात आणि प्रिंटलाइन वाचून दाखवतात. त्यांच्यामुळे यादीत उर्दू पत्रांचा रकाना भरत चालला आहे. उर्दू दैनिकाला खिळे जुळवायचे नसत. कातिब सगळा मजकूर बोरूनं लिहून काढायचा, मग तो दगडावर, पुढं पत्र्याच्या प्लेटवर उतरायचा. इथल्या दैनिकांत कॉम्प्युटरवर नस्तालिक अक्षर आलं ते साधारण नव्वदच्या दशकात. तोवर रोज रात्री दैनिकाची सगळी पानं कुणीतरी हातानं लिहिली आहेत. सर सांगतात, अमुक कातिब रजेवर गेला की पानाचा चेहरा बदलायचा, वाचकांना कळायचं.

मराठी खिळ्यांची गोष्ट मला एका निवृत्त जुळाऱ्यांनी, म्हणजे कंपोझिटरनी, सांगितली. औरंगपुऱ्याच्या मागच्या बाजूला एका प्रेसमध्ये त्यांची हयात गेली. मी विचारलं, काका, उलटी अक्षरं वाचायला त्रास नाही व्हायचा? ते म्हणाले, ‘आवो सर, उलटं कुठं असतंय? आमाला तेच सुलटं वाटायचं. छापलेलं वाचायला घेतलं की डोळे दुखायचे.’ मग त्यांनी हात पुढं करून दाखवलं. डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे जुळवायची पट्टी, धरल्याची मूठ, अंगठा खिळ्यावर, आणि उजवा हात हवेतच या खणातून त्या खणात फिरत होता. हातात काही नसताना त्यांनी ‘मराठवाडा विकास’ जुळवून दाखवलं. र कुठल्या खणात, काना कुठला, वेलांटी कुठली, बोट बरोबर तिथं जात होतं. रात्री अंक छापून झाला की तेच खिळे धुऊन परत खणात टाकायचे, कारण उद्याचा अंक त्याच खिळ्यांवर निघणार. ‘निवडणूक आली की अक्षरं कमी पडायची. उमेदवाराचं नाव दहा ठिकाणी. मग बातमी बारीक करायची, नाहीतर शब्दच बदलायचा.’

हे ऐकल्यापासून मी जुन्या अंकांतली भाषा वेगळ्या नजरेनं वाचतो. शेवटच्या परिच्छेदात एकदम अक्षराचा आकार बदललेला दिसतो, एखादं ‘ळ’ दुसऱ्याच टायपातलं दिसतं. तिथं रात्री दोन वाजता कुणाचा तरी खण रिकामा झालेला असतो.

पहिलं पानच नसलेल्या अंकांचं काय करायचं, हा रोजचा प्रश्न. तारीख पहिल्या पानावर असते आणि तेच आधी जातं. मग आतल्या खुणा शोधायच्या. किंमत किंवा जाहिरातीतले दर आण्यांत असतील तर अंक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. नये पैसे दिसले की त्यानंतरचा. मोंढ्याचे, म्हणजे धान्यबाजाराचे, भाव पल्ल्यानं आणि मणानं दिले असतील तर जुना. क्विंटल आला की साठचं दशक लागलं. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘त्यानें’ असे अनुस्वार डोक्यावर असतील तर १९६२ च्या नव्या शुद्धलेखनाआधीची सवय, पण इथं जपून. जुने जुळारी आणि जुने संपादक पुढंही कित्येक वर्षं तसंच लिहीत राहिले. ‘हैदराबाद राज्य’ असं असेल तर १ नोव्हेंबर १९५६ च्या आत. जिल्ह्यांची नावंही बोलतात. जालना जिल्हा १९८१ चा, लातूर १९८२ चा, हिंगोली १९९९ चा. ‘जालना (जि. औरंगाबाद)’ असं वाचलं की मी पेन्सिलीनं ‘१९८१ पूर्वी’ लिहून ठेवतो. अशा तीन-चार खुणा जुळल्या तरच नोंद पक्की धरतो.

जाहीर प्रगटनांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या कामात मला सगळ्यात जास्त दिलं ते त्यांनी. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे चिकलठाणा येथील गट नंबर अमुक, क्षेत्र इतके एकर इतके गुंठे...’ अशी सुरुवात. एकामागून एक अंक पाहत गेलं की गावांची नावं सरकत जाताना दिसतात. आधी चिकलठाणा, मग मुकुंदवाडी, हर्सूल, मग शहरालगतच्या सातारा गावाचा परिसर. एमआयडीसी आली, सिडको आलं, शेतं विकली गेली, आणि त्याचा रोजचा हिशेब या छोट्या पत्रांच्या शेवटच्या पानावर पडून राहिला. वारसाच्या नोटिसा आहेत, ‘माझी पत्नी नांदत नसल्याने’ अशा नोटिसा आहेत, नाव बदलल्याच्या आहेत. आडनाव बदलणाऱ्या तरुणांच्या नोटिसा एका ओळीनं लावून वाचल्या तर गावकुसाबाहेरून शहरात आलेल्या एका पिढीनं काय ठरवलं ते समजतं. अग्रलेख पुस्तकांतून पुन्हा छापले जातात. या नोटिसा दुसऱ्यांदा कुठंच छापल्या जात नाहीत.

नोटिशींवर आणि सरकारी जाहिरातींवर अनेक छोटी पत्रं जगली, हे उघड आहे. शासनाच्या जाहिरात यादीवर नाव हवं, अ, ब, क असा वर्ग हवा, अंक नियमित निघालेला दिसला पाहिजे. म्हणून काही जण अगदी मोजक्या प्रती काढायचे : कार्यालयाला, जाहिरातदाराला आणि एक फाइल कॉपी. मला बरेच जण म्हणाले, असली पत्रं यादीत कशाला घेता? मी घेतो. ज्या पत्राचे शंभर वाचकही नव्हते त्यात एखाद्या पाझर तलावाच्या निविदेची नोटीस आहे, आणि त्या तलावाबद्दलचा छापील कागद आज दुसरीकडे मिळत नाही. अशा पत्राला नावं ठेवणं सोपं आहे. पण माझ्या टेबलावर ते बाकीच्यांइतकंच महत्त्वाचं आहे.

नोंदी पक्क्या करायच्या तर दुसरी वाट म्हणजे डिक्लेरेशन. छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा पी.आर.बी. कायदा १८६७ चा. त्याप्रमाणे प्रकाशकानं आणि मुद्रकानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढं घोषणापत्र द्यायचं. पत्र बारा महिन्यांहून जास्त बंद राहिलं तर ते आपोआप रद्द. देशभरच्या वृत्तपत्रांची नोंद ठेवणारं आर.एन.आय.चं कार्यालय १९५६ साली सुरू झालं आणि नावाची छाननी दिल्लीला जाऊ लागली. एकाच भाषेत किंवा एकाच राज्यात तेच नाव दुसऱ्याला मिळत नाही, म्हणून पुढं पुढं नावं लांबत गेली : समाचार, वार्ता, टाइम्स, दर्शन, नेता. आता २०२३ चा नवा कायदा आला, मार्च २०२४ पासून लागूही झाला, आणि अर्ज ऑनलाइन गेले. जुन्या घोषणापत्रांची नोंदवही पाहायला मिळावी म्हणून मी एका कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज दिला. ‘सदर अभिलेख आढळून येत नाही’ असं उत्तर आलं. अपील केलं, पुन्हा तेच. शेवटी तिथल्याच एका निवृत्त कारकुनांनी सांगितलं की नोंदवही होती, गळक्या खोलीत होती. म्हणून तर प्रिंटलाइनवर इतकं अवलंबून राहावं लागतं. कायद्यानं सक्तीनं छापायला लावलेली ती ओळ सरकारच्या दप्तरापेक्षा जास्त टिकली.

प्रिंटलाइनवरून शहराचा नकाशाही उभा राहतो. गुलमंडी, औरंगपुरा, शहागंज, सराफा हे जुने पत्ते. मशीन मोठं झालं तसे पत्ते जालना रोडकडं आणि मग एमआयडीसीकडं सरकले. एकाच प्रेसवर चार-चार साप्ताहिकं छापली जात, हे त्यातूनच कळलं. त्यांत राजकीयदृष्ट्या एकमेकांच्या विरोधातलीही असत, आणि दोघांना शाई एकाच डब्यातली.

एका काळाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. त्या आठवड्यांतले मिळाले ते सगळे स्थानिक अंक मी वाचले. मोर्चे, बंद, बस जाळल्या, नेत्यांची पत्रकं, हे रकानेच्या रकाने आहे. ज्यांची घरं जळाली त्यांचं म्हणणं शोधावं लागतं. ते असतं पोलिसांच्या निवेदनातून आलेलं, कर्मणी प्रयोगात, नाव नसलेलं. तालुक्याचा वार्ताहर कोण होता, कोणत्या गल्लीत राहत होता, बातमी आणायला कुठवर गेला, याचं उत्तर त्या रकान्यांत आहे. पुढं १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. तोवरचा सगळा काळ समजून घ्यायचा तर दैनिकांच्या फाइली पुरत नाहीत. म्हणून मी यादीत नियतकालिकंही घेतली. याच शहरात बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय उभं केलं, आणि त्या परिसरातून पुढं आलेल्या लिहित्या माणसांना गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’नं जागा दिली. ज्यांना दैनिकात रकाना मिळत नव्हता त्यांनी आपला कागद स्वतः काढला. स्थानिक वर्तमानपत्रांचा इतिहास या कागदांशिवाय लिहिला तर तो अर्धा राहील, असं माझं ठाम मत आहे.

१९८२ नंतरचं बरंचसं लोकांना आठवतं. ‘लोकमत’ आलं, गावोगाव वार्ताहर नेमले गेले, ज्या खेड्याचं नाव कधी छापून आलं नव्हतं त्याची बातमी फोटोसकट येऊ लागली. गठ्ठे एस.टी.वर चढू लागले. इतर मोठ्या पत्रांच्या आवृत्त्या आल्या, २०११ साली ‘दिव्य मराठी’नं तर आपली सुरुवातच इथून केली. शेजारच्या जिल्ह्यांत स्वतःची दैनिकं घट्ट उभी राहिली : नांदेडचं ‘प्रजावाणी’, लातूरचं ‘एकमत’, बीडचं ‘झुंजार नेता’. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला तेव्हा राज्यभरचे पत्रकार नंतर पोहोचले. गावं कोणती, रस्ता कुठून, कोणत्या घरात कोण होतं, हे जिल्ह्याच्या वार्ताहरांना माहीत होतं. या काळातल्या नोंदी करणं सोपं आहे, माणसं सांगायला आहेत.

यादीतला एक रकाना मात्र मला सतत अडवतो : बंद झाल्याची तारीख. प्रत्येक पत्राचा पहिला अंक थाटात निघतो. पुढाऱ्याच्या हस्ते प्रकाशन, हार, ‘आपल्या हाती देताना आनंद होत आहे’ असं संपादकीय. शेवटच्या अंकात तसं काही नसतं. मालकाला वाटत असतं की उद्या कागद मिळेल, पुढच्या आठवड्यात थकीत बिल येईल, मग काढू. म्हणून मी ‘बंद’ हा रकाना काढून ‘उपलब्ध शेवटचा अंक’ असा केला आहे. एखाद्या वकिलाच्या बस्त्यातून नंतरचा अंक निघाला की तारीख पुढं सरकते, आणि ते पत्र माझ्या वहीत आणखी काही महिने जगतं. तो आनंद फार मोठा असतो.

आता नवी अडचण उभी राहिली आहे. बरीच छोटी दैनिकं रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर पी.डी.एफ. पाठवतात, कागदावर मोजके अंक निघतात किंवा निघतही नाहीत. वकील आता मोबाइलवरच्या पानाची प्रिंट लावतात. फोन भरला की पोरं गॅलरी रिकामी करतात, त्यात अंक जातो. लाकडाच्या लगद्याचा कागद वाईट का असेना, साठ वर्षं माळ्यावर टिकला. ही पानं सहा महिनेही टिकत नाहीत. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक अंकाला ‘वर्ष-महिना-दिवस-पत्राचं नाव’ असं नाव देऊन दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवतो. जुनी खिळ्यांची पानं यंत्राकडून वाचून घेण्याचाही प्रयत्न चालू आहे. स्वच्छ पान असेल तर मथळे बरे वाचले जातात, कसर लागलेला बारीक मजकूर मात्र अजून आपणच बसून उतरवावा लागतो.

यादीत सध्या प्रत्येक पत्रापुढं नाव, भाषा, कालावधी, प्रेस, पत्ता, पाहिलेला पहिला अंक, पाहिलेला शेवटचा अंक आणि तो कुणाकडं पाहिला, इतकं आहे. अंकाच्या मालकांनी नको म्हटलं तर त्यांचं नाव वगळून नुसतं ‘खासगी संग्रह’ लिहितो. ज्यांच्याकडं जुने अंक आहेत त्यांनी ते मला द्यावेत असं माझं म्हणणं नाही. पहिल्या आणि शेवटच्या पानाचा सरळ, सपाट फोटो पुरतो. लॅमिनेशन करू नका, उष्णतेनं कागद कायमचा जातो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, ओल कोंडते. धुतलेल्या सुती कापडात आडवा ठेवा. पुढचं काम जालना आणि परभणीचं आहे. तिकडच्या मोंढ्यातल्या जुन्या पेढ्यांवर भावाच्या वह्यांबरोबर पेपरच्या फाइली बांधून ठेवायची पद्धत होती असं दोन-तीन व्यापाऱ्यांनी सांगितलं आहे. ज्यांच्या पेढीवर तसे गठ्ठे असतील त्यांनी ते मृगाच्या आधी पत्र्याखालून काढून कोरड्या खोलीत, जमिनीपासून हातभर वर ठेवावेत. मी दिवाळीनंतर येतो.